हातची नोकरी सोडून मुलगी शोधणार तरी काय?

गेल्या पौर्णिमेला विहारात वंदना झाली, खीर वाटून झाली आणि चपला शोधण्याच्या गर्दीत एक बाई आमच्याजवळ येऊन थांबल्या. ओळखीच्याच. एका कॅन्टीनमध्ये पोळ्या लाटण्याचे काम करतात. "जय भीम, दादा. तुमचं पान आम्ही घरात वाचतो. एक विचारू का?" म्हणाल्या.

त्यांची मुलगी कॉम्प्युटर इंजिनीअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. कॉलेजातच कंपनीची नोकरी लागली. वस्तीत पेढे वाटून झाले. आणि आता मुलगी म्हणते की गेटची परीक्षा देणार, पुढे रिसर्च करणार. "आणखी पाच वर्षं, दादा! तिचे पप्पा दोन दिवस झाले तिच्याशी बोलत नाहीत. शिक्षणाचं कर्ज डोक्यावर आहे. मला एवढंच सांगा, कॉम्प्युटर तर बनवून झालाय ना? मग त्यात आता शोधायचं काय राहिलंय?"

आम्ही "पीएच.डी. म्हणजे फार मोठी गोष्ट असते, ताई," असे काहीतरी बोलून वेळ मारून नेली. घरी आल्यावर मात्र लाज वाटली. बाईंचा प्रश्न अगदी बरोबर होता आणि त्याचे उत्तर आमच्याकडे नव्हते. आपल्या घरांत डॉक्टरेट या शब्दाचा मान मोठा आहे, भिंतीवर फोटो असतो, त्याखाली पदव्यांची ओळ असते. पण संशोधन म्हणजे माणूस सकाळी उठून नेमके काय करतो, हे आपण कधी विचारत नाही. मग दोन-तीन प्राध्यापक मंडळींना गाठले, थोडे वाचले, कागद-पेन्सिल घेऊन बसलो. त्यातून जे कळले ते त्या ताईंना आणि तुम्हां सर्वांना सांगतो.

उदाहरण कानपूरचे घेतो. तिथल्या आयआयटीत संगणकशास्त्र व अभियांत्रिकी विभाग आहे. या संस्थेत १९६३ साली आयबीएम १६२० हा संगणक आला आणि देशात संगणकाचे शिक्षण जिथे प्रथम सुरू झाले त्यांत तिचे नाव घेतले जाते. याच विभागातील एक प्राध्यापक आणि त्यांचे दोन विद्यार्थी यांनी २००२ साली एक शोध लावला, ज्याची बातमी अमेरिकेच्या 'न्यूयॉर्क टाइम्स'ने छापली. प्राध्यापक मणींद्र अग्रवाल, विद्यार्थी नीरज कयाल आणि नितीन सक्सेना. दोघा मुलांचे बी.टेक. त्याच वर्षी पूर्ण झाले होते, म्हणजे त्या ताईंच्या मुलीएवढीच ती मुले.

शोध कशाचा? मूळ संख्येचा. चौथी-पाचवीत आपण सर्वांनी मूळ संख्या शिकलेल्या आहेत. जिला १ आणि ती स्वतः यांखेरीज कशानेही निःशेष भाग जात नाही ती मूळ संख्या. २, ३, ५, ७, ११, १३. आता ९१ घ्या. दिसायला मूळ वाटते, पण तेराच्या पाढ्यात ती सापडते. लहान संख्या असली की भागून पाहता येते. मोठी असली की? वीस अंकी संख्या मूळ आहे का हे भागून भागून ठरवायचे म्हटले, तर १ हजार कोटीपर्यंतच्या संख्यांनी भागून पाहावे लागेल. संगणक तेवढे करील. पण अंक दुप्पट केले, चाळीस अंकी संख्या घेतली, तर काम दुप्पट होत नाही. ते १ हजार कोटी पटींनी वाढते. मग ते साध्या संगणकाच्या आवाक्याबाहेर जाते.

म्हणजे यंत्र बनवून झाले हे खरे. पण यंत्राला काम कसे सांगायचे, कोणत्या रीतीने सांगितले तर ते जन्मभर चालेल आणि कोणत्या रीतीने सांगितले तर क्षणात संपेल, हे शोधायचे राहिलेले असते. आमच्या ताईंना हे लगेच पटावे. शंभर माणसांच्या पोळ्या करायच्या तर तवा सगळ्यांकडे सारखाच असतो; फरक हात कसा चालवायचा याचा असतो.

आता कागद-पेन्सिल घ्या. मुलांनाही बसवा. वर १ लिहा. त्याखाली १ १. त्याखाली प्रत्येक ओळीच्या दोन्ही टोकांना १ आणि मध्ये वरच्या शेजारी-शेजारी असलेल्या दोन आकड्यांची बेरीज. तिसरी ओळ १ २ १, मग १ ३ ३ १, मग १ ४ ६ ४ १. याला पास्कलचा त्रिकोण म्हणतात. पास्कल फ्रान्सचा, पण त्याच्या कितीतरी आधी ही उतरंड आपल्या देशात, इराणात आणि चीनमध्येही ठाऊक होती. आता गंमत पाहा. पाचाची ओळ आहे १ ५ १० १० ५ १. टोकाचे दोन १ सोडले तर मधल्या सगळ्यांना ५ ने भाग जातो. चाराची ओळ १ ४ ६ ४ १. मधल्या ६ ला ४ ने भाग जात नाही. सहाची ओळ १ ६ १५ २० १५ ६ १. इथे १५ अडतो. साताची १ ७ २१ ३५ ३५ २१ ७ १. सगळे भागले जातात. ओळ मूळ संख्येची असेल तर मधले सगळे आकडे त्या संख्येने भागले जातात. नसेल तर कुठेतरी एक आकडा अडतोच. हा नियम कधीच मोडत नाही आणि तो फार जुना आहे.

मग प्रश्न सुटला की! नाही सुटला. शंभर अंकी संख्येची ओळ लिहायची तर या पृथ्वीवर कागद पुरणार नाही. नियम खरा, पण कामाला निरुपयोगी. कानपूरच्या मंडळींनी इथून पुढे विचार केला.

मिसळणाचा डबा डोळ्यांसमोर आणा. त्यात तीन वाट्या ठेवा. साताच्या ओळीतला पहिला आकडा पहिल्या वाटीत टाका, दुसरा दुसऱ्या, तिसरा तिसऱ्या, चौथा पुन्हा पहिल्या, असे फिरत राहा. पहिल्या वाटीत १, ३५ आणि ७ पडले, बेरीज ४३. दुसऱ्या वाटीत ७, ३५ आणि १, बेरीज तीही ४३. तिसऱ्या वाटीत २१ आणि २१, बेरीज ४२. आता प्रत्येक बेरजेला ७ ने भागा आणि बाकी पाहा. १, १ आणि ०. म्हणजे टोकाचे दोन १ तेवढे उरले, बाकी सगळे भागले गेले. हेच आठाच्या ओळीला करा. ती ओळ आहे १ ८ २८ ५६ ७० ५६ २८ ८ १. वाट्यांतल्या बेरजा ८५, ८६, ८५. आठाने भागल्यावर बाकी ५, ६ आणि ५. आठ पकडले गेले. ओळ कितीही लांब असो, वाट्या तीनच. आणि गणितात अशी युक्ती आहे की ओळ पूर्ण न लिहिताही, दुप्पट-दुप्पट करत जाऊन, वाट्यांतली बाकी थोड्या पायऱ्यांत काढता येते.

यात एक धोका आहे. सगळे आकडे वाट्यांत एकत्र झाल्यामुळे एखादी मूळ नसलेली लबाड संख्या त्या बेरजेत लपून निसटू शकते. मग वाट्या किती ठेवाव्यात? किती वेगवेगळ्या ओळी करून तपासाव्यात, म्हणजे एकही लबाड संख्या निसटणार नाही? आणि ही "किती" इतकी लहान राहील का, की अंक वाढले तरी काम आवाक्यात राहील? संशोधन होते ते हे. उत्तर निघाले, राहते. थोड्याच वाट्या आणि थोड्याच फेऱ्या पुरतात, आणि का पुरतात याची सिद्धता त्यांनी दिली. पुढे इतरांनी त्या रीतीत सुधारणा केल्यावर हिशेब असा झाला की अंक दुप्पट केले तर काम साधारण ६४ पट वाढते. ६४ पट हे पुष्कळ आहे, पण कुठे ६४ आणि कुठे १ हजार कोटी!

हे दोन हुशार मुलांना एका रात्रीत सुचले असे वाटेल. तसे झालेले नाही, आणि आम्हांला सगळ्यांत भावलेली गोष्ट तीच आहे. अग्रवाल हे स्वतः याच संस्थेचे विद्यार्थी. त्यांना पीएच.डी.साठी मार्गदर्शन केले प्राध्यापक सोमनाथ बिस्वास यांनी. या दोघांनी १९९९ साली याच त्रिकोणाच्या नियमातून एक रीत काढली, पण ती नशिबावर अवलंबून होती. क्वचित चुकू शकत होती. २००१ साली रजत भट्टाचार्जी आणि प्रशांत पांडे या बी.टेक.च्या दोन विद्यार्थ्यांनी आपल्या शेवटच्या वर्षाच्या प्रकल्पात वाट्यांच्या युक्तीवर काम केले. त्यांचे अर्धेच राहिले. पुढच्या वर्षी कयाल आणि सक्सेना यांनी ते उचलले, एप्रिल २००२ मध्ये आपला प्रकल्प सादर केला, तोही अपुराच होता. परीक्षा संपली, पदवी हाती आली, आणि मुले प्रश्न सोडून गेली नाहीत. त्याच उन्हाळ्यात उत्तर मिळाले. वर्तमानपत्रांत तीन नावे आली. भट्टाचार्जी आणि पांडे यांची नावे फार थोड्यांना ठाऊक आहेत, म्हणून आम्ही मुद्दाम लिहिली. आपल्या मुलाचे किंवा मुलीचे काम अर्ध्यावर थांबले म्हणजे वर्षे फुकट गेली, असे घरात कुणी म्हटले तर या दोघांची आठवण ठेवावी.

४ ऑगस्ट २००२ रोजी, रविवारी, त्यांनी आपला नऊ पानी लेख जगातल्या पंधरा जाणकारांना पाठवला. नऊ पाने! सोमवारी अमेरिकेत कार्ल पॉमरन्स या नामवंत गणितज्ञाने तो तपासला, बरोबर असल्याचे पाहिले आणि त्याच दुपारी त्यावर व्याख्यान ठेवले. गुरुवारी वर्तमानपत्रात बातमी. पाठवणारे कोण, कुठले, त्यांचे आधीचे नाव काय, हे त्या नऊ पानांना कुणी विचारले नाही. प्रत्येक पायरी पाहिली, आणि पायरी भक्कम निघाली. कालामांना तथागतांनी जे सांगितले, की परंपरेने आले म्हणून मानू नका, कुणी मोठा सांगतो म्हणून मानू नका, ते आपण दर रविवारी ऐकतो. त्या आठवड्यात गणितज्ञांनी तेच केले. त्यानंतर २००४ साली हा लेख 'अ‍ॅनल्स ऑफ मॅथेमॅटिक्स' या नियतकालिकात छापून आला आणि २००६ साली त्याला गोडेल पारितोषिक व फुल्करसन पारितोषिक अशी दोन मोठी पारितोषिके मिळाली. दोन्ही मुलांनी कानपूरलाच पीएच.डी. केली.

आता ताईंचा पुढचा प्रश्न आम्हांला आधीच ऐकू येतो. "बरं, पण त्याचा उपयोग काय झाला?"

इथे खोटे बोलायचे नाही. मोठ्या मूळ संख्यांचा उपयोग रोजचा आहे. संदेश गुप्त ठेवण्याची एक प्रसिद्ध रीत १९७७ साली निघाली, तिच्यात दोन प्रचंड मूळ संख्यांचा गुणाकार कुलपासारखा वापरतात. बँकेच्या व्यवहारांत, मोबाइलवरून पैसे पाठवण्यात अशा कुलपांची गरज पडते. पण या कुलपांसाठी मूळ संख्या शोधताना कानपूरची रीत वापरत नाहीत. त्याआधीची, मिलर आणि रॅबिन यांच्या नावाची एक रीत आहे, ती जास्त जलद आहे. तिच्यात चूक होऊ शकते, पण वीस फेऱ्या केल्या तर चूक होण्याची शक्यता लाख कोटीत एकाहूनही कमी. व्यवहाराला तेवढे पुरते. आणि कानपूरच्या शोधाने कुलपे उघडतात असेही नाही; संख्या मूळ नाही एवढे ती रीत सांगते, तिचे अवयव कोणते हे सांगत नाही.

म्हणजे त्या शोधाने कुणाच्या घरातला दिवा जास्त उजळला नाही. तरी जगाने मान दिला, कारण हा प्रश्न शेकडो वर्षे माणसांना छळत होता, आणि शंकेला जागा न ठेवता तो पहिल्यांदा सुटला. संशोधनातले पुष्कळसे काम असेच असते. काहींचा उपयोग दहा वर्षांनी होतो, काहींचा पन्नास वर्षांनी, काहींचा होतच नाही. आपल्या लोकांना मात्र लगेच उपयोग विचारण्याची सवय आहे, आणि ती सवय गरिबीने लावली आहे, तिला हसू नये. पण असेही वाटते की उपयोग नसलेला विचार करण्याची चैन काही घरांनी पिढ्यान् पिढ्या केली आणि आपल्या घरांना ती नाकारली गेली. आता एक मुलगी ती करू पाहते, तर आपणच तिला हिशेब मागायचा का?

हिशेब करायचाच तर पैशाचाही करू. गेटच्या गुणांवर एम.टेक.ला प्रवेश घेतला तर दरमहा १२,४०० रुपये मिळतात. दोन वर्षे एवढ्यात काढायची म्हणजे कर्जाचा हप्ता फिटणार नाही, हे स्पष्ट आहे. पण आयआयटीत चांगल्या गुणांच्या बी.ई., बी.टेक. मुलामुलींना थेट पीएच.डी.लाही प्रवेश मिळू शकतो, आणि संशोधक विद्यार्थ्याला २०२३ सालापासून पहिली दोन वर्षे दरमहा ३७ हजार आणि त्यानंतर ४२ हजार रुपये देण्याचे ठरले आहे. अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठी राष्ट्रीय अधिछात्रवृत्ती आहे, पुण्याच्या बार्टीचीही आहे. हे आकडे त्या ताईंनी ऐकले नव्हते. त्यांच्या घरात सगळ्यांची समजूत अशी की पाच वर्षे फी भरायची.

मात्र कागदावरचे पैसे आणि हातात पडणारे पैसे यांत अंतर असते. २०२३ साली बार्टीच्या संशोधक विद्यार्थ्यांना अधिछात्रवृत्तीसाठी मुंबईच्या आझाद मैदानावर ठाण मांडून बसावे लागले होते. आणि मुलीचे वडील का बोलत नाहीत, याचे कारण केवळ कर्ज असेल असे आम्हांला वाटत नाही. १७ जानेवारी २०१६ हा दिवस आपल्या घरांतून कुणी विसरलेले नाही. हैदराबाद विद्यापीठात रोहित वेमुला संशोधनच करत होता, आणि त्याची अधिछात्रवृत्ती कित्येक महिने थांबलेली होती. लांबच्या संस्थेत, एका मार्गदर्शकाच्या हाताखाली, पाच वर्षे लेकरू पाठवायचे म्हटल्यावर बापाच्या पोटात गोळा येतो. त्याला भित्रा म्हणू नये. मुलीने प्रवेश घेण्याआधी तिथे शिकत असलेल्या आपल्या मुलांशी बोलावे, मार्गदर्शक कसे आहेत ते विचारावे, आंबेडकरी विद्यार्थ्यांची मंडळे पुष्कळ ठिकाणी आहेत त्यांचा पत्ता काढावा. हे वडिलांसमोर बसून करावे.

कायद्याने केंद्रीय संस्थांत अनुसूचित जातींना १५ टक्के जागा आहेत. सरकारने संसदेत दिलेल्या माहितीप्रमाणे २०१५ ते २०१९ या काळात आयआयटींत पीएच.डी.ला घेतलेल्यांत आपला वाटा ९ टक्क्यांच्या आसपास होता. संस्था म्हणतात, योग्य अर्जच येत नाहीत. अर्जच न येण्याची सबब आम्हांला पूर्ण पटत नाही. तरी आपल्या किती घरांतून अर्ज गेलेच नाहीत, कारण हातात आलेली नोकरी सोडवत नव्हती, हेही खरे आहे.

एक गोष्ट लिहावी की नाही असे वाटत होते, पण लिहितो. असे प्रश्न निघाले की आपल्या सभांत कुणीतरी उठून बाबासाहेबांचे उदाहरण देतो. ते १९१३ साली न्यूयॉर्कला गेले, १९२० साली पुन्हा लंडनला गेले, १९२३ साली डी.एस्सी. झाले, रुपयाचा प्रश्न हा त्यांचा विषय. मधल्या काळात बडोद्याची नोकरी, १९१७ साली परतताना त्यांचे सामान घेऊन येणारे जहाज बुडाले, कोलंबियाची पीएच.डी. पदवी तर प्रबंधानंतर दहा-अकरा वर्षांनी, १९२७ साली हाती आली. हे सगळे खरे, आणि ते सांगावेच. पण त्याच वर्षांत परळच्या चाळीत माता रमाई काय सोसत होत्या हेही आपल्याला ठाऊक आहे. आणि आम्हांला असे वाटते की आजच्या कोणत्याही आईकडे "तुम्हीही रमाई व्हा" अशी मागणी करण्याचा अधिकार आपल्याला नाही. तसे व्हावे लागू नये म्हणूनच तर अधिछात्रवृत्त्या मागितल्या, आरक्षण मागितले, त्यासाठी लोक रस्त्यावर बसले. घर उपाशी ठेवून शिकण्याचे दिवस संपवण्यासाठी ती सगळी खटपट होती.

म्हणून ताईंना आम्ही एक साधीच गोष्ट सांगितली. गेटचे गुण तीन वर्षे चालतात. अर्जाच्या शुल्कात मुलींना आणि अनुसूचित जातींच्या उमेदवारांना सवलत असते. मुलीने परीक्षा द्यावी, नोकरीवरही रुजू व्हावे, वर्ष-दीड वर्षात कर्जाचा मोठा भाग फेडावा, आणि तोवर तिला संशोधनाची ओढ तशीच राहिली तर त्याच गुणांवर अर्ज करावा. तिला हे पटेल की नाही ठाऊक नाही. या वयात दीड वर्ष फार मोठे वाटते, आणि नोकरीत गेलेले परत येत नाहीत अशी तिची भीती असेल तर तीही खोटी नाही. ते घरात बसून ठरवावे.

मिसळणाच्या डब्याची गोष्ट आम्ही त्यांना विहाराच्या पायरीवर बसून कागदावर काढून दाखवली होती. तो कागद त्या घरी घेऊन गेल्या. पुढच्या रविवारी मुलीचे वडीलच आले. मुलीशी बोलणे सुरू झाले का, हे आम्ही विचारले नाही. त्यांनी खिशातून तोच कागद काढला. त्रिकोण खाली वाढवला होता. अकराची ओळ लिहिली होती, १ ११ ५५ १६५ ३३० ४६२ आणि पुढे उलटी, आणि प्रत्येक आकड्याखाली भागाकार केला होता. सगळे भागले गेले होते. बाराच्या ओळीत मात्र ६६ पाशी थांबले होते आणि त्याला त्यांनी पेनाने गोल केला होता. "पोरगी म्हणाली, पप्पा, तेराची पण करा," ते म्हणाले. "कागद पुरला नाही."